काचेच्या मण्यांची टॉर्च: गॅस, ऑक्सिजन आणि नागपूरची हवा

टेबलावरच्या टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीच्या बर्नरवर, काच वितळवून मणी करायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गॅस किती किलोवर लावू आणि ऑक्सिजन किती किलोवर? प्रश्न रास्त आहे. पण आकडा मिळाला म्हणजे ज्योत लागली असं होत नाही. तोच आकडा एका टॉर्चवर स्वच्छ निळी ज्योत देतो आणि दुसरीवर काजळी धरतो. पाइप किती लांब आहे, टॉर्चची भोकं किती बारीक आहेत, सिलिंडर किती रिकामा झालाय, ऑक्सिजन कुठून येतोय, या सगळ्याचा त्यात हात असतो. म्हणून आकडे मी देणार आहेच, पण शेवटचा निर्णय ज्योतीतल्या शंकूंकडे आणि काचेच्या कांडीकडे बघून घ्यायचा. हे एवढं जमलं की कुठल्याही टॉर्चसमोर बसा, अडत नाही.

गेजवरच्या, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीवरच्या, ‘किलो’बद्दल आधी सांगते. वेल्डिंगच्या दुकानात ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात ते म्हणजे १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, साधारण १४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). परदेशी टॉर्चसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात आकडे पीएसआयमध्ये असतात आणि आपल्याकडच्या गेजवर बहुतेक वेळा किलोमध्ये. ५ पीएसआय म्हणजे ०.३५ किलो आणि १० पीएसआय म्हणजे ०.७ किलो, हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी रोजचं काम भागतं.

टॉर्च कुठल्या जातीची आहे?

गॅस आणि ऑक्सिजन दोन्ही लागणाऱ्या टॉर्च मुख्यतः दोन प्रकारच्या. सरफेस मिक्स टॉर्चमध्ये दोन्ही वायू वेगवेगळ्या नळ्यांतून तोंडापर्यंत येतात आणि बाहेर पडल्यावर मिसळतात. प्रीमिक्समध्ये ते टॉर्चच्या पोटातच मिसळतात आणि मिश्रण बाहेर येऊन जळतं. प्रीमिक्सची ज्योत टोकदार आणि आवाजाची असते, आणि प्रवाह फार कमी केला तर ज्योत आत शिरून ‘फट्’ असा आवाज होतो. सरफेस मिक्समध्ये आत जळण्यासारखं मिश्रणच नसतं, त्यामुळे ती शांत चालते आणि ज्योत अगदी लहान करता येते. नव्याने शिकणाऱ्याने सरफेस मिक्सच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

इतवारीच्या सराफ्यात दागिन्यांना झाळ द्यायला हातातली टॉर्च वापरतात, तीच घेऊ का, असं बरेच जण विचारतात. मण्यांना ती कामाची नाही. एका हातात मँड्रेल, म्हणजे जिच्यावर मणी गुंडाळतात ती धातूची सळई, फिरत असते आणि दुसऱ्या हातात काचेची कांडी असते, म्हणून टॉर्च टेबलाला पक्की बसवलेलीच हवी. तिचं तोंड तुमच्यापासून दूर आणि जरासं वर झुकलेलं ठेवा.

गॅस: सिलिंडर आणि रेग्युलेटर

परदेशातले कारागीर प्रोपेन वापरतात. आपल्याकडे सहज मिळतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्यावर मऊ, म्हणजे कमी उष्णतेला वितळणाऱ्या, काचेचं काम उत्तम होतं. घरगुती वापराचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. व्यावसायिक १९ किलोचा किंवा ५ किलोचा घ्या. घरच्या शेगडीच्या रेग्युलेटरमधून निघणारा दाब जेमतेम ०.०३ किलो असतो आणि तो कमीजास्त करता येत नाही. टॉर्चला त्याच्या पाच-दहा पट दाब लागतो. म्हणून सिलिंडरच्या व्हॉल्व्हला जुळणारा, गेज असलेला, कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर घ्यावा लागतो. तो अधिकृत वितरकाकडूनच बसवून घ्या. अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅडॉप्टर चढवत बसू नका.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरची खूण वाचा. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ‘बी-२७’ म्हणजे जून २०२७ पर्यंत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. देशभरातल्या सिलिंडरांच्या सुरक्षिततेचे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. निदान नागपूरकराने तरी ही खूण न वाचता सिलिंडर घरात घेऊ नये.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो, नालीत उतरतो, पायरीखाली दबून बसतो. म्हणून सिलिंडर बाहेर, सावलीत, उभाच ठेवा आणि फक्त पाइप भिंतीतून आत घ्या. आडवा ठेवलेल्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव येऊ शकतो, आणि मग ज्योत अचानक हातभर लांब होते.

ऑक्सिजन: सिलिंडर की कॉन्सन्ट्रेटर?

औद्योगिक ऑक्सिजनचा मोठा काळा सिलिंडर साधारण ४७ लिटरचा असतो. भरलेला असताना त्यात १५० किलो दाब आणि सुमारे ७ घनमीटर ऑक्सिजन असतो. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत वेल्डिंग-कटिंग बाराही महिने चालतं, त्यामुळे भरून देणारे शोधायला त्रास पडत नाही. खांदा पांढरा असलेला काळा सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनचा असतो. तो रुग्णांसाठी आहे, मागू नका.

सिलिंडर किती वेळ पुरेल ते गेजवरूनच कळतं. ४७ लिटरच्या सिलिंडरचा दाब १० किलोने उतरला की सुमारे ४७० लिटर ऑक्सिजन वापरला गेला. लहान टॉर्च मिनिटाला ५ लिटर घेत असेल, तर हे दीड तासाचं काम झालं. भरलेला सिलिंडर या हिशोबाने २३ तासांच्या आसपास चालतो. गेज ३० किलोवर आलं की साडेचार तास उरलेत. मोठा मणी अर्ध्यावर असताना ऑक्सिजन संपण्यापेक्षा हा हिशोब सकाळीच केलेला बरा.

दुसरा मार्ग कॉन्सन्ट्रेटरचा. २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेली, मिनिटाला ५ लिटर देणारी मशिनं अनेक घरांत अजून पडून आहेत आणि मण्यांच्या कामाला ती चालतात. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइट या खनिजाच्या चाळणीत अडकवून हे मशिन साधारण ९० ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं. मात्र पडून राहिलेल्या मशिनची चाळणी ओलावा शोषून निकामी झालेली असू शकते. मशिन गुरगुरतं, फ्लोमीटरची, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली, गोळी ५ वर दिसते आणि बाहेर येतो तो जवळपास साधी हवाच. विकत घेण्याआधी ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावून शुद्धता मोजून घ्या. ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर ज्योत कितीही खटपट केली तरी मऊच राहील. रुग्णासाठी लावतात ती पाण्याची बाटली काढून टाका, टॉर्चला ओला ऑक्सिजन नको.

कॉन्सन्ट्रेटरचा दाब कमी असतो, साधारण अर्ध्या किलोच्या आसपास, आणि तो वाढवता येत नाही. मऊ काचेच्या लहान-मध्यम मण्यांना एक मशिन पुरतं. बोरोसिलिकेट काचेला जास्त उष्णता लागते. त्यासाठी दोन मशिनं एकदिशा व्हॉल्व्ह लावून जोडावी लागतात किंवा सिलिंडरकडे वळावं लागतं.

जोडणी

इथे घाई अजिबात नको. ऑक्सिजनला निळा पाइप. गॅसला एलपीजीसाठीच बनवलेला, आयएस ९५७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला पाइप. अ‍ॅसिटिलीनचा लाल पाइप दिसायला तसाच, पण एलपीजीने त्याचं रबर हळूहळू खराब होतं. गॅसच्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होणारे असतात आणि नटावर खाचा असतात. ऑक्सिजनचे आटे सुलटे. त्यामुळे अदलाबदल सहसा होत नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा, तो नट तिथला नाही. गॅसच्या रेग्युलेटरला एलपीजीसाठीचा फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी मागे येऊ न देणारा अडसर, लावा, ऑक्सिजन सिलिंडर असेल तर त्यालाही लावा. प्रीमिक्स टॉर्च तर याशिवाय चालवूच नका.

ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेटू शकतं. हाताला खोबरेल तेल असेल तर साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच रेग्युलेटरला हात लावा. आट्यांना टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. धातूवर धातू बसूनच तो जोड बंद होतो.

रेग्युलेटर घेताना एक अडचण हमखास येते. दुकानदार विचारतो, ‘कटिंगसाठी पाहिजे का, भाऊ?’ आणि १६ किंवा २५ किलोपर्यंतचं बाहेरचं गेज असलेला रेग्युलेटर समोर ठेवतो. पोलाद कापायला तो उत्तम. पण आपल्याला हवं असतं अर्धा-पाऊण किलो, आणि त्या गेजवर एवढा दाब म्हणजे शून्याजवळ काटा केसभर हललेला. ऑक्सिजनला ४ किलोपर्यंतचं आणि गॅसला त्याहून लहान पल्ल्याचं बाहेरचं गेज मागा. नसेल तर रेग्युलेटर तोच ठेवून गेज बदलून घ्या. ते आट्यावरच बसवलेलं असतं.

सगळं जोडल्यावर टॉर्चचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून दाब सोडा, सिलिंडर परत बंद करा आणि काटे दहा-पंधरा मिनिटं बघा. काटा उतरला म्हणजे गळती आहे. भांडी धुण्याचं लिक्विड पाण्यात पातळ करून जोडांवर लावा, बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. काडी पेटवून गळती शोधायची नाही.

दाब लावणे

ऑक्सिजन सिलिंडर उघडण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेजच्या समोर उभं न राहता बाजूला उभं राहून, अगदी हळू उघडा. झटक्यात उघडला तर दीडशे किलोचा दाब रेग्युलेटरच्या पोकळीत एकदम शिरतो, तिथली हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, आणि रेग्युलेटर पेटण्याचे अपघात याच कारणाने होतात. काटा स्थिर झाला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

आता आकडे. लहान सरफेस मिक्स टॉर्चला गॅस ०.१५ ते ०.३५ किलो. ऑक्सिजन सिलिंडरमधून असेल तर ०.५ ते १ किलो. कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो जो देतो तो, फ्लोमीटर ५ वर. तुमच्या टॉर्चच्या माहितीपत्रकात वेगळे आकडे असतील तर ते आधी, माझे नंतर.

दाब लावायचा तो वायू वाहत असताना. टॉर्चचा व्हॉल्व्ह बंद असताना काटा ०.३५ वर आणला आणि मग व्हॉल्व्ह उघडला, तर काटा खाली घसरतो. टॉर्चला मिळतो तो हा घसरलेला दाब. म्हणून गॅसचा दाब ज्योत पेटल्यावर पुन्हा बघून सारखा करा. ऑक्सिजनचंही तसंच.

रेग्युलेटर दाब धरून ठेवतो. किती वायू जळतो ते टॉर्चवरचे दोन लहान व्हॉल्व्ह ठरवतात. रोज काम करताना रेग्युलेटरला हात लावायची गरजच पडू नये. पडत असेल तर दाब फार कमी लागलाय किंवा टॉर्चची भोकं बुजलीत.

ज्योत पेटवणे आणि जागेवर आणणे

क्रम पक्का: आधी गॅस, मग ऑक्सिजन. गॅसचा व्हॉल्व्ह किंचित उघडून लगेच ठिणगीच्या लायटरने पेटवा. गॅस सोडून लायटर शोधत बसू नका. वीतभर पिवळी, लवचिक, टोकाला धूर सोडणारी ज्योत दिसेल. आता ऑक्सिजन हळूहळू सोडा.

इथून पुढे नजर ज्योतीच्या टोकावर नको, टॉर्चच्या तोंडावर हवी. ऑक्सिजन वाढू लागला की पिवळेपणा मागे सरतो, ज्योत निळी होते आणि तोंडाशी, प्रत्येक भोकासमोर, एकेक लहान उजळ शंकू दिसू लागतो. सुरुवातीला हे शंकू लांब आणि कडेला धूसर असतात, टोकाला पिसासारखे फिसकारलेले. अशी ज्योत गॅसकडे झुकलेली. ऑक्सिजन आणखी सोडला की शंकू आखडतात, कडा रेखीव होतात. अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीचे, सगळे सारखे, टोक स्पष्ट दिसणारे शंकू आले की ज्योत समतोल झाली. त्याहून ऑक्सिजन वाढवला तर शंकू बुटके आणि फिके होतात, ज्योत बारीक होते आणि सुरसुर आवाज येतो. ही ऑक्सिजनकडे झुकलेली ज्योत.

समतोल नेमका कुठे आहे ते शोधायची खात्रीची रीत: ऑक्सिजन मुद्दाम जास्त करा, शंकू बुटके होऊ द्या, मग व्हॉल्व्ह मागे घेत या. पिसं परत दिसू लागली की थांबा आणि केसभर पुढे जा. दोन्ही बाजूंनी जाऊन बघितलं की डोळ्याला मधली जागा कळते. पहिले काही दिवस मणी न करता फक्त हेच केलं तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर यांच्यात मोठा फरक पडतो तो इथेच. सिलिंडरवर ऑक्सिजन हवा तेवढा मिळतो, म्हणून आधी गॅसने ज्योतीचा आकार ठरवायचा आणि ऑक्सिजन त्याच्या मागे न्यायचा. कॉन्सन्ट्रेटरवर ऑक्सिजनला मर्यादा आहे. प्रोपेनच्या एका भागाला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ५ भाग लागतात, ब्युटेनला साडेसहा. म्हणजे मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजनवर जेमतेम एक लिटर गॅस जळेल. आजूबाजूच्या हवेतून थोडी मदत मिळते तेवढीच. म्हणून पेटवल्यावर ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि शंकू रेखीव होईपर्यंत गॅस कमी करत आणायचा. मोठ्या ज्योतीच्या मोहात गॅस वाढवला की ती दिसते मोठी, पण तापते कमी आणि काच मळवते. कॉन्सन्ट्रेटर असलेल्यांच्या तक्रारी मी ऐकते त्यातल्या निम्म्याहून जास्त इथेच सुटतात.

याच हिशोबाने गॅस ताशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातो. ५ किलोचा सिलिंडर पस्तीस-चाळीस तास सहज चालतो.

पिवळेपणा खरा की धुळीचा?

मे महिन्यात नागपुरात हवेत धूळ इतकी असते की समतोल ज्योतीतही नारिंगी-पिवळ्या ठिणग्या चमकतात. धुळीतल्या सोडियमचा तो रंग. नवखा माणूस ते बघून ऑक्सिजन वाढवत सुटतो. ओळखायचं सोपं साधन तुमच्या नाकावरच असतं. मण्यांच्या कामाचा डिडिमियम चष्मा सोडियमचा पिवळा प्रकाश अडवतो. तापलेल्या काचेभोवतीची पिवळी झळाळी झाकून आतली काच दिसावी म्हणूनच तो वापरतात. चष्मा लावल्यावर पिवळेपणा नाहीसा झाला तर तो सोडियमचा. चष्म्यातूनही टोक नारिंगी दिसत राहिलं तर तो न जळलेला कार्बन, आणि तेव्हा गॅस कमी करा. चष्मा कामभर काढायचाच नाही.

काचेला विचारा

शंकू बघून झाले की मँड्रेल हातात घेण्याआधी तीन कांड्या तपासून बघा: पारदर्शक, पांढरी आणि फिरोजी.

फिरोजी कांडीचं टोक ज्योतीत वितळवून वाटाण्याएवढा गोळा करा आणि बाहेर काढून थंड होताना बघा. तांब्यामुळे या काचेला तो रंग आलेला असतो. ज्योतीत गॅस जास्त असेल तर पृष्ठभागावरचं तांबं ऑक्सिजन गमावतं आणि विटकरी, कधी तपकिरी साय धरते. ज्योत समतोल असेल तर गोळा निघतो तसाच स्वच्छ फिरोजी. गेजपेक्षा हा गोळा जास्त खरं बोलतो. पांढऱ्यावर राखाडी ओरखडे दिसले तर काजळी आहे. पारदर्शक काच धुरकट झाली तरी ज्योत गॅसकडे आहे असं समजा. पण तिच्यात बारीक बुडबुडे उठले तर दोष मिश्रणाचा नाही. काच शंकूंच्या फार जवळ धरली आहे आणि उकळते आहे. मऊ काच टॉर्चच्या तोंडापासून आठ-दहा सेंटिमीटर पुढेच धरा. ज्योतीचा सगळ्यात तापलेला भाग शंकूंच्या टोकापुढे लगेचच असतो आणि मऊ काचेला तो सोसत नाही.

रंगांचे स्वभाव वेगळे असतात. लाल, नारिंगी, पिवळ्या अपारदर्शक काचांत बहुधा कॅडमियम आणि सेलेनियम असतं. त्या जास्त तापल्या की काळपटतात, म्हणून ज्योतीच्या बाहेरच्या भागात, किंचित ऑक्सिजनकडे झुकलेल्या ज्योतीत, थोडा थोडा वेळच धरा. शिसं असलेली काच गॅसच्या ज्योतीत राखाडी-काळी पडते. तिला ऑक्सिजन जास्तच हवा. याउलट चांदीयुक्त काचेवर मोरपिशी झाक आणायची तर मणी पूर्ण झाल्यावर गॅस किंचित वाढवून काही सेकंद ज्योतीतून फिरवतात आणि लगेच बाहेर काढतात. मंगळसूत्रासाठी काळे मणी करणाऱ्यांनी हे बघून ठेवावं: बऱ्याच काळ्या काचा मुळात फार गडद जांभळ्या असतात आणि पातळ ओढल्या की जांभळेपणा दिसतो. तो काचेचा गुण आहे, ज्योत बदलून जाणार नाही.

कॅडमियम असो वा नसो, खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा टॉर्चच्या वरच्या अंगाला हवाच. जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

उन्हाळा, कूलर आणि वीज

माहुरझरी नागपूरपासून फार लांब नाही. तिथल्या उत्खननात अकीक, कार्नेलियनचे मणी आणि ते घडवताना उडालेले तुकडे सापडलेत. मण्यांचं काम या मातीला जुनं आहे, पण ते दगडाचं होतं, त्याला ज्योत सांभाळावी लागत नव्हती. आपल्याला नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, ज्योत सांभाळायची आहे.

बहुतेक कॉन्सन्ट्रेटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. दुपारी पारा ४५ वर गेला की मशिन तापतं, शुद्धता घसरते आणि सकाळी समतोल लावलेली ज्योत गॅसकडे झुकते. मशिन घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. पण कूलरच्या तोंडासमोर मात्र नको: ती हवा ओली असते आणि ओलाव्याने चाळणी लवकर मरते. भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, मागची जाळी आठवड्याला धुवा. मे-जूनमध्ये मी तर पहाटे बसण्याचाच सल्ला देईन.

कूलरचा झोत थेट ज्योतीवर आला तर ज्योत वाकते, शंकू थरथरतात आणि मणी एका बाजूने थंड होऊन तडकतो. कूलर बंद करायची गरज नाही. बाहेर फेकणाऱ्या पंख्याला आत येणारी हवाही लागतेच, ती कूलर देतो. फक्त त्याचं तोंड भिंतीकडे वळवा, म्हणजे हवा तुमच्या पाठीमागून संथ येईल आणि टॉर्चवरून बाहेर जाईल.

एलपीजीचा सिलिंडर गच्चीवर उन्हात ठेवू नका. हिवाळ्यात उलटी गोष्ट: डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दाब कमी पडतोय असं वाटलं तरी सिलिंडरवर गरम पाणी ओतायचं नाही, शेकायचं तर मुळीच नाही. टॉर्च खातेच किती. अर्धा भरलेला सिलिंडर तेवढं सहज देतो.

सिलिंडर संपत येताना होणारा बदल मात्र लक्षात ठेवा. मिश्रणातला प्रोपेन आधी उकळून जातो, तळाशी ब्युटेनचं प्रमाण वाढत जातं. ब्युटेनला ऑक्सिजन जास्त लागतो. गेजवर दाब तोच, व्हॉल्व्ह तिथेच, तरी फिरोजी काच विटकरी पडू लागते. गॅस किंचित कमी करा, ज्योत जागेवर येईल.

वीज गेली तर कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, ज्योत लांब आणि पिवळी होते. अशा वेळी टॉर्चचा ऑक्सिजन बंद, मग गॅस बंद, आणि मणी लगेच ते सावकाश थंड करायच्या भट्टीत किंवा तापवून ठेवलेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत). भट्टीचं दार उघडू-लावू नका. बंद भट्टी बराच वेळ उष्णता धरते. मशिन साडेतीनशे-चारशे वॉट खातं, घरचा इन्व्हर्टर तेवढं पेलतो का ते आधीच बघून ठेवा.

बंद करणे आणि तोंड साफ ठेवणे

बंद करताना क्रम उलटा: आधी ऑक्सिजन, मग गॅस. रोजचं काम संपलं की सिलिंडरचे व्हॉल्व्हही बंद करा, टॉर्चचे व्हॉल्व्ह एकेक करून उघडून पाइपमधला वायू जाऊ द्या, काटे शून्यावर आले की रेग्युलेटरचे स्क्रू सैल करा. पाइपात दाब ठेवून खोलीला कुलूप लावायचं नाही. हे करताना जवळ दिवा, उदबत्ती काही पेटलेलं नको, आणि बाहेर फेकणारा पंखा चालू हवा.

एखादा शंकू बाकीच्यांपेक्षा लांब, वाकडा किंवा पिवळा दिसू लागला तर दाबाला हात लावू नका. त्या भोकाशी कार्बन किंवा काचेचा कण बसलाय. टॉर्च पूर्ण थंड झाल्यावर पितळी ब्रशने तोंड हलकेच घासा, भोकात बसेल त्याहून बारीक तार फिरवा, आणि कचरा आत ढकलला जाऊ नये म्हणून तोंड खाली झुकवून करा. पोलादी ब्रशने भोकांच्या कडा झिजतात. साफ केल्यावर पुन्हा पेटवून शंकू बघा. सगळे सारखे आले तर ठीक. तोच एक अजूनही तिरका असेल तर ते भोक झिजलंय, आणि टॉर्च दुरुस्तीला पाठवावी लागेल.